माकुलीच्या आयुष्याचा शोध

पावसाळा सरून समुद्र निवळूं लागला म्हणजे वरसोली, नागांव, काशीद, दिवेआगर अशा रायगड किनाऱ्यावरील पुळणींवर शिंपल्यांच्या जोडीला आणखी एक वस्तु आढळते. ती होडीसारखी दोन्ही टोकांना निमुळती, वितीएवढी किंवा तिच्याहून लहान, एका बाजूनें टणक आणि दुसऱ्या बाजूनें नखानें खरवडतां येईल इतकी ठिसूळ असते. हातांत घेतली तर तिच्या हलकेपणाचें नवल वाटतें. पोपट पाळणारे लोक ती पिंजऱ्याच्या तारेंत अडकवून ठेवतात. कारागीर तिच्या मऊ अंगांत ठसा उमटवून लहान दागिन्यांचें ओतकाम करतात. वैद्यांच्या फडताळांत तर तिची पूड शेंकडों वर्षें राहिली आहे. वाहणाऱ्या कानावर आणि डोळ्यांच्या विकारांवर ती देत असत. निघंटूंत तिला समुद्रफेन, अब्धिकफ, डिंडीर अशीं नांवें आहेत. समुद्राचा फेंस किनाऱ्यावर येऊन वाळतो आणि घट्ट होतो, ही कल्पना त्या नांवांच्या मुळाशीं आहे. कल्पना चुकीची खरी, पण ती करणाऱ्याला हंसण्याचें कारण नाहीं. लाटेनें आणून टाकलेली, पाण्यावर तरंगणारी, पांढरी आणि सच्छिद्र वस्तु पाहून फेंसावांचून दुसरें काय सुचावें?

ही वस्तु एका प्राण्याच्या पाठींतील फळी आहे. त्या प्राण्याला कोळी लोक माकूल म्हणतात. नळीसारख्या लांबट देहाची जी जात आहे ती नळ माकूल; गोव्याकडे तिला माणकी म्हणतात. तिच्या पाठींत पांढरी फळी नसते, नुसती पारदर्शक काडी असते. येथें विचार करावयाचा आहे तो रुंद अंगाच्या, पाठींत समुद्रफेन बाळगणाऱ्या माकुलीचा. कोळणीच्या टोपलींत ती मासळीशेजारीं पडलेली असली तरी ती मासा नव्हे. शिंपले, कालवें, गोगलगाई ज्या मृदुकाय कुळांतल्या, त्याच कुळांतली ती आहे. मात्र पूर्वजांनीं बाहेर वागविलेलें कवच तिच्या वंशानें कातडीखालीं पाठींत घेतलें, आणि त्याचें ओझें न राहतां उलट साधन झालें. फळींत अत्यंत पातळ पडद्यांनीं विभागलेले कप्पे असतात. त्यांतील कांहीं भागांत वायु व कांहीं भागांत पाणी असतें. पाणी उपसलें कीं अंग हलकें होतें, भरूं दिलें कीं जड होतें. ही किमया इंग्लंडांतील प्लिमथ येथें डेंटन आणि गिल्पिन-ब्राऊन ह्या दोघांनीं प्रयोगांनीं उलगडली आणि १९६१ सालीं प्रसिद्ध केली. माकुलीचीं तीन हृदयें, निळसर रक्त, क्षणांत पालटणारा रंग आणि संकटकाळीं सोडावयाची काळी शाई ह्यांचें वर्णन अनेकांनीं केलें आहे. त्याची पुनरुक्ति येथें नको.

ज्या प्रश्नाशीं आज किनाऱ्यावरील माणसांचा थेट संबंध पोहोंचतो तो दिसावयास अगदीं साधा आहे. माकूल किती दिवस जगते, आणि मरण्यापूर्वीं तिची वीण कितीदां होते? ह्या प्रश्नाचें उत्तर सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं एकदां मिळालें होतें. पश्चिम किनाऱ्याच्या माकुलीपुरतें मात्र तें मधल्या काळांत निराळें सांगितलें गेलें, आणि मग पुनः जवळजवळ पहिल्याच जागीं येऊन ठेपलें. हा इतिहास मनोरंजक आहे, आणि त्याच्या शेवटीं बऱ्याच कुटुंबांच्या मिळकतीचा हिशेब आहे.

पहिलें उत्तर ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल ह्याचें. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत त्यानें लेस्बॉस बेटाच्या आसपासच्या उथळ समुद्रांतील प्राण्यांचें जें निरीक्षण केलें, त्यांत माकुलीला बरीच जागा मिळाली आहे. मादी किनाऱ्यानजीक, पाणवनस्पतींवर किंवा काटक्यांवर अंडीं चिकटविते. तीं काळीं असून द्राक्षांच्या घडासारखीं एकत्र दिसतात. अंड्यांतून निघणारें पिल्लूं आरंभापासूनच आईच्या आकाराचें असतें. आणि माकूल किंवा नळ माकूल दोन वर्षें पुरीं करीत नाहीं, असें तो लिहितो. ह्या शेवटच्या विधानापर्यंत तो कसा पोहोंचला हें त्यानें सांगितलेलें नाहीं, पण कोळ्यांच्या सांगण्यावर त्याचा भरंवसा मोठा होता. कधीं कधीं तो भरंवसा फार पुढें जाई. मादीला भाला लागला तर नर तिच्या मदतीला थांबतो, परंतु नराला लागला तर मादी पळून जाते, असेंहि त्यानें नमूद केलें आहे. हें निरीक्षण माकुलींपेक्षां त्या काळच्या ग्रीक नवऱ्यांविषयीं अधिक सांगतें असें कोणी म्हटलें तर त्याला दोष देतां येणार नाहीं.

ह्यानंतर पुष्कळ शतकें माकूल विद्वानांच्या दृष्टीआड राहिली. युरोपांत तिच्या शाईचा तपकिरी रंग चित्रकारांनीं वापरला आणि तिच्याच नांवानें तो सेपिया झाला. जुन्या छायाचित्रांना आपण त्याच नांवानें ओळखतों, जरी छायाचित्रांतील तो रंग माकुलीचा नसून रसायनांचा असतो. एकोणिसाव्या शतकांत जगभरचे प्राणी गोळा करून त्यांना नांवें देण्याची लाट आली, आणि रायगड किनाऱ्यावर सांपडणाऱ्या मुख्य जातींचें नामकरण त्याच लाटेंत झालें. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबेर्ग ह्यानें मिसर देशाच्या बाजूनें तांबड्या समुद्राचा प्रवास केला होता. तेथील मोठ्या माकुलीला त्यानें १८३१ सालीं फेअरोंच्या, म्हणजे मिसरी सम्राटांच्या, नांवावरून सेपिया फॅरोनिस असें नांव दिलें. हीच अरबी समुद्रांतील राजमान्य माकूल. तिचें धड ४० सेंटिमीटरांच्याहि वर जातें आणि वजन पांच किलोपर्यंत भरूं शकतें. दुसरी सेपिया ॲक्युलिआटा, हिच्याहून लहान. तिसरी सेपिएला इनर्मिस, चारपांच बोटें लांब, उथळ व गढूळ पाण्यांत राहणारी. ह्या दोघींचें वर्णन १८३५ सालचें आहे. पुढें कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्यें सांठलेल्या शीर्षपाद प्राण्यांवर गुडरिच ह्यानें १८९६ सालीं, ॲन मॅसी ह्या आयरिश विदुषीनें १९१६ सालीं आणि ॲडाम ह्यानें १९३९ सालीं लिहिलें. हें काम चोख होतें. पण बरणींत बुडविलेला प्राणी आपली जात सांगतो, आपलें वय सांगत नाहीं.

ह्या अवधींत कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर माकुलीची किंमत फारशी नव्हती. (कुलाब्याचें रायगड हें नामांतर १९८१ सालचें, मुरूड-श्रीवर्धनचा जंजिरा संस्थानाचा मुलूख १९४८ सालीं त्याला जोडला गेला.) उरण-करंज्यापासून बाणकोटच्या खाडीपर्यंत ह्या किनाऱ्याला धरमतर, कुंडलिका, राजपुरी अशा खाड्यांनीं कापून काढलें आहे, खाड्या गाळ आणतात, भरतीओहटीची ओढ जबरदस्त, आणि त्या ओढीच्या तोंडीं डोल जाळें बांधून मासळी धरण्याची कोळ्यांची पद्धति फार जुनी. डोलीचें खरें धन म्हणजे बोंबील, जवळा, करंदी. त्यांच्याबरोबर लहान माकूल येई, ती घरांत रांधली जाई किंवा गळाला आमिष म्हणून लावली जाई. पांढऱ्या मांसाची ही चवदार वस्तु. कोळीवाड्यांत तिला कधींच तुच्छ लेखलें नाहीं. पण शहरच्या गिऱ्हाइकाला शाईनें काळे होणारे हात आणि आठ हातांचा तो आकार रुचत नसे, आणि ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाहीं तिच्या वयाची चौकशी सरकार तरी कशाला करील?

आतां त्या प्राण्याच्या प्रत्यक्ष आयुष्याकडे वळावें. अलीकडच्या पन्नास वर्षांत समुद्रांत उतरून आणि टांक्यांत पाळून जें पाहिलें गेलें त्यावरून तें बऱ्याच स्पष्टपणें मांडतां येतें.

विणीच्या वेळीं फॅरोनिस जातीच्या नराच्या अंगावर झेब्र्यासारखे पट्टे उमटतात. दोन नर समोरासमोर आले म्हणजे ते आपापले पट्टे गडद करून एकमेकांना जोखतात, आणि पुष्कळदां लढाई तेथेंच मिटते. समागम समोरासमोर होतो. नराच्या डाव्या बाजूचा एक हात ह्याच कामासाठीं निराळ्या घडणीचा असतो. त्या हातानें तो बीजाच्या बारीक कुप्या मादीच्या तोंडाखालच्या भागांत ठेवतो, आणि मग ती अंडीं घालीत असतां जवळ पहारा करतो. मादी एकेक अंडें वेगळें काढते, हातांनीं धरते आणि त्याच्या टोंकाला असलेल्या लवचिक देंठानें एखाद्या आधाराला गुंडाळून बसविते. समुद्रांतलें झुडूप, प्रवाळाची फांदी, बुडालेली काटकी, सांपळ्याचा दोर, जें मिळेल तें. एकीनें आरंभ केला कीं दुसऱ्या माद्या त्याच जागीं येतात, आणि घड भरत जातो. फॅरोनिसचीं अंडीं दुधी, टोंकदार आणि बोराएवढीं. लहान सेपिएलेचीं मात्र शाईनें रंगविलेलीं, काळीं, ॲरिस्टॉटलच्या द्राक्षांची हुबेहूब आठवण करून देणारीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सुरमईची मादी लाखों अंडीं पाण्यांत सोडून देते. त्यांतलीं बहुतेक वाया जावयाचीं हें जणूं गृहीत धरलेलें असतें. माकुलीचीं अंडीं शेंकड्यांत मोजावयाचीं, फार तर दोनतीन हजार. तीं मोठीं असतात, आंत बलक भरपूर असतो, आणि पिल्लूं आंतच पुरतें घडतें. दिवस भरत आले म्हणजे अंड्याचें आवरण फुगून पातळ होतें आणि आंतलें पिल्लूं हालचाल करतांना दिसूं लागतें. युरोपांतील माकुलीवर फ्रान्समध्यें झालेल्या प्रयोगांत असेंहि आढळलें कीं अंड्याबाहेर पिल्लाला जें भक्ष्य दिसत राहिलें, तेंच तें जन्मल्यावर पसंत करतें. म्हणजे ह्या प्राण्याचें शिक्षण जन्मापूर्वीं सुरू होतें. मात्र शिकवावयास आई उरलेली नसते. अंडीं घालून झाल्यावर कांहीं दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत ती खंगते आणि मरते. नराचीहि तीच गत. पुळणीवर आलेले समुद्रफेन बहुधा ह्या सरलेल्या पिढीचे असतात. मांस मासे व खेंकडे खातात आणि हलकी फळी तेवढी वारा व प्रवाह किनाऱ्याला लावतात.

उष्ण आणि थंड समुद्रांत फरक पडतो तो ह्या सर्वाच्या वेगांत. इंग्लिश खाडींतील माकुलीचीं अंडीं फुटावयास दोनतीन महिने लागतात. २८ अंशांच्या आसपास राहणाऱ्या पाण्यांत फॅरोनिसचीं अंडीं सुमारें दोन आठवड्यांत फुटतात. पिल्लूं अर्ध्या सेंटिमीटराहून थोडें मोठें असतें, त्याच्या पाठींत इवलासा फेन असतो, शाईची पिशवी भरलेली असते, आणि तें वाहत जाण्याऐवजीं तळाशीं जाऊन बसतें. कोळंबीच्या जातीचे बारीक जीव हें त्याचें पहिलें अन्न. मग कोळंबी, लहान मासे, खेंकडे, आणि अन्न कमी पडलें तर स्वतःचीं भावंडें. वाढ विलक्षण जलद असते. केरळांतील विळिंजम येथें केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं समुद्रांतून आणलेलीं अंडीं टांक्यांत उबवून पिल्लें वाढविलीं. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्तांत सुमारें सव्वादोनशें दिवसांत तीं सरासरी अर्धा किलो वजनाचीं झाल्याचें दिलें आहे. त्याच अवधींत त्यांनीं जोड्याहि जमविल्या. अमेरिकेंत गॅल्व्हेस्टन येथें ह्याच जातीच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढविण्यांत आल्या, आणि एका पिढीला वर्षहि लागलें नाहीं.

मग मधल्या काळांत उत्तर बदललें कसें? भारतांत ह्या वर्गाच्या प्राण्यांची वाढ मोजण्याचा आरंभ मंडपम येथें झाला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ सालीं स्थापन झाली, आणि वीरभद्र राव ह्यांनीं पाल्कच्या उपसागरांतील एका नळ माकुलीच्या जातीचा अभ्यास १९५४ सालीं प्रसिद्ध केला. पुढें ट्रॉलरच्या जाळ्यांत माकूल मोठ्या प्रमाणावर येऊं लागल्यावर देशभरच्या बंदरांत मापें घेतलीं गेलीं, आणि डॉ. सायलस ह्यांच्या संपादनाखालीं १९८५ सालीं संस्थेनें शीर्षपाद प्राण्यांवर एक मोठा ग्रंथ काढला. अजूनहि अभ्यासकाला त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते. पण त्या काळच्या गणितांतून मोठ्या माकुलीचें आयुष्य दोन-तीन वर्षांचें निघत असे.

दोष मापांचा नव्हता, गणिताच्या गृहीताचा होता. बंदरावर दर महिन्याला शेंकडों प्राण्यांची लांबी मोजावयाची. कोणत्या लांबीचे प्राणी सर्वांत अधिक आहेत तें पाहावयाचें. आणि तो उंचवटा महिन्यामागून महिना किती सरकतो त्यावरून वाढीचा वेग काढावयाचा, अशी ती रीत आहे. थंड समुद्रांत मासे वर्षांतून एकदांच वितात, त्यामुळें प्रत्येक वर्षाची पिढी वेगळी ओळखूं येते. शाळेंत वर्षांतून एकदांच जूनमध्यें प्रवेश देत असल्यास उंचीवरून मुलाची इयत्ता साधारण सांगतां येईल. पण दर महिन्याला नवी तुकडी भरती होऊं लागली, आणि मोठीं झालेलीं मुलें दर महिन्याला शाळा सोडून जाऊं लागलीं, तर शाळेची सरासरी उंची वर्षभर जवळजवळ तीच राहील. आणि बाहेरून पाहणारा म्हणेल कीं इथलीं मुलें फारच सावकाश वाढतात. उष्ण समुद्रांतील माकुलीचें असेंच आहे. तिची वीण कांहीं महिन्यांत भर धरते, तरी थोडीबहुत वर्षभर चालूच असते. तुकड्या एकमेकींत मिसळतात आणि वाढ मंद भासते. मंद वाढीनें मोठी लांबी गांठावयाची तर वर्षें जास्त लागणार, म्हणून आयुष्य लांबतें.

पाठींतील फळीनें कांहीं काळ आशा दाखविली. तिच्यांत झाडाच्या वर्तुळांसारखे थर असतात. ते मोजले कीं वय मिळालें. परंतु थर बसण्याचा वेग पाण्याच्या उष्णतेवर आणि अन्नावर अवलंबून असल्याचें दिसून आलें. भुकेल्या माकुलीचे थर आणि पोटभर खाल्लेल्या माकुलीचे थर एका मापाचे नसतात. खरा साक्षी निघाला तो डोक्यांतला एक खडा. तोल सांभाळण्यासाठीं ह्या प्राण्यांच्या डोक्यांत मोहरीहून लहान खड्यांची एक जोडी असते, आणि तिच्यावर रोज एक याप्रमाणें सूक्ष्म वलयें चढतात. नळ माकुलीच्या बाबतींत हें १९८० च्या सुमारास मान्य होऊं लागलें. फेनवाल्या माकुलीचीं वलयें तितकीं स्पष्ट नसतात, म्हणून टांक्यांतील वाढीची साक्ष तिच्या बाबतींत अधिक मोलाची ठरली. दोन्ही साक्षी एकाच बाजूला झुकल्या: उष्ण समुद्रांतील माकूल सुमारें एका वर्षांत जन्मते, वाढते, एका हंगामापुरती विते आणि संपते. ॲरिस्टॉटलचें वाक्य खरें ठरलें.

हा वाद विद्वानांपुरताच राहिला असता, पण तोंवर माकुलीला गिऱ्हाईक मिळालें होतें. १९५३ च्या सुमारास केरळांत इंडो-नॉर्वेजियन योजनेनें यांत्रिक नौकांना चालना दिली. पुढें तळ खरवडीत जाणारें ट्रॉलचें जाळें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलें. तें मुख्यतः कोळंबीसाठीं होतें. १९७० नंतर जपान आणि मागाहून स्पेन, इटली वगैरे देश गोठविलेली माकूल मागूं लागले, आणि आमिष म्हणून कापली जाणारी वस्तु परकीय चलन आणूं लागली. रायगड किनाऱ्यावरील नौकांची माकूल ससून डॉक व भाऊचा धक्का ह्या मुंबईच्या बंदरांवर उतरूं लागली, आणि मुंबईलगतच्या तळोजें येथील औद्योगिक वसाहतींत मासळी साफ करून गोठविण्याचे कारखाने उभे राहिले. ज्या पांढऱ्या मांसाकडे शहरानें नाक मुरडलें होतें तें थंड पेटींतून परदेशीं जाऊं लागलें. कोळंबीचा हंगाम पडला तर तांडेलाला डिझेलचा खर्च भागविण्यास माकुलीचा आधार होऊं लागला.

आतां आयुष्य एक वर्षाचें कीं तीन वर्षांचें, ह्या प्रश्नाचें वजन कळून येईल. जो मासा अनेक वर्षें जगतो आणि दर वर्षीं वितो, त्याच्या वंशाला मागील शिल्लक असते. एखादें वर्ष वीण फुकट गेली तरी गतवर्षींचे आणि त्यापूर्वींचे मासे पुढच्या वर्षीं पुनः वितात. माकुलीच्या खात्यांत शिल्लक नाहीं. ह्या वर्षींची सारी माकूल ही गेल्या वर्षींच्या अंड्यांची आहे, आणि येत्या वर्षींची ह्या वर्षींच्या अंड्यांची. पिल्लें दूरवर वाहत जात नसल्यामुळें बाहेरून भर पडण्याचीहि आशा थोडी.

दक्षिण ऑस्ट्रेलियांत व्हायला गांवाजवळ एका मोठ्या जातीच्या माकुली दर हिवाळ्यांत खडकाळ किनाऱ्याला विणीसाठीं जमतात. १९९७ सालीं कोळ्यांनीं त्या जमावावर गळ टाकून सुमारें २५० टन माकूल काढली; तेव्हां सरकारनें पुढच्याच वर्षीं तेथील मासेमारी आंवरली. १९९९ सालीं मोजदाद झाली ती १,८३,००० च्या आसपास. पुढें २०१३ सालीं ती साडेतेरा हजारांवर घसरली. त्या घसरणीचें खापर केवळ मासेमारीवर फोडतां येत नाहीं, समुद्राचे इतर फेरहि त्यांत असावे असें तज्ज्ञ म्हणतात. आणि २०२० सालीं त्याच जागीं दोन लाखांहून अधिक माकुली जमल्या. कोसळणें आणि सांवरणें, दोन्ही इतकीं झटपट होतात तीं ह्या एका वर्षाच्या आयुष्यामुळेंच. पण सांवरण्यासाठीं कांहीं माकुली विईपर्यंत जगल्या पाहिजेत आणि त्यांचीं अंडीं फुटेपर्यंत पाण्यांत राहिलीं पाहिजेत; एवढी अट निसर्गानें घातलेली आहे.

ह्या अटीवर घाला कसा पडतो तें शेजारच्या कर्नाटक किनाऱ्यावर दिसून आलें. पावसाळ्यानंतर फॅरोनिस जातीच्या मोठ्या माकुली विणीसाठीं उथळ पाण्याकडे येतात आणि तळावर आधार शोधतात, हें तेथील मच्छीमारांनीं हेरलें. त्यांनीं नारळाच्या झावळ्यांचे व शिंपट्यांचे भारे वजन बांधून तळाशीं सोडले. माद्या त्यांना झाडोरा समजून अंडीं घालावयास येतात, नर मागोमाग येतात, आणि वर बसलेला माणूस गळानें एकेक मोठी माकूल उचलतो. बुद्धि मोठी नामी. पण तींत धरली जाते ती नेमकी वितांना धरली जाते. भाऱ्यांना चिकटलेलीं अंडीं कधीं भाऱ्यांबरोबर वर येऊन वाळतात, तर कधीं ट्रॉलच्या जाळ्यांत सांपडून उद्ध्वस्त होतात. ह्या पद्धतीविरुद्ध ट्रॉलरवाल्यांनीं तक्रारी केल्या, संशोधकांनीं इशारे दिले. तक्रार करणाऱ्यांचें जाळेंहि तोच तळ दिवसरात्र खरवडीत असतें, हें मात्र त्यांच्या अर्जांत क्वचितच लिहिलेलें असावें.

महाराष्ट्रांत १९८१ सालच्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानें किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यांतून ट्रॉलला बाहेर ठेवण्याची तरतूद केली, आणि पावसाळ्यांतील बंदीला कायद्याचें रूप दिलें. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याखेरीज होडी लोटावयाची नाहीं हा कोळ्यांचा दंडक त्याच्याहून फार जुना. अलीकडे यांत्रिक नौकांची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठरलेली असते. माशांच्या पुष्कळ जातींना तिचा लाभ होतो. माकुलीला तो अर्धाच मिळतो. बंदीच्या काळांत तिला निवांत वाढावयास सांपडतें, पण बंदी उठल्यावर ज्या महिन्यांत मोठ्या वाढलेल्या माकुली विणीसाठीं उथळ पाण्यांत येतात त्याच महिन्यांत ताज्या दमाच्या नौका समुद्रांत असतात. लहान मासे धरूं नयेत, मोठे धरावे, हा नियम इतर मासळीला ठीक आहे. माकुलीच्या बाबतींत तेवढ्यानें भागत नाहीं, कारण जिचें वजन सर्वांत अधिक भरतें तीच विणीला टेकलेली असते आणि तिच्या आयुष्यांत दुसरा हंगाम यावयाचा नसतो. विणीच्या जागा राखणें, किंवा भर विणीचे कांहीं आठवडे त्या जागीं तळाला जाळें न लावणें, ह्याला पर्याय दिसत नाहीं.

रायगडच्या समुद्राचा तळ बहुतांशीं चिखलाचा आहे. चिखलांत अंडें बांधतां येत नाहीं. त्याला खडक, झाडोरा, प्रवाळाची काडी, मोठा शंख, कांहींतरी उभें लागतें, आणि ट्रॉलचें जाळें प्रथम उखडतें तें हेंच. म्हणून खांदेरी-उंदेरी, कोर्लई, पद्मदुर्ग, जंजिरा अशा ठिकाणांच्या आसपासच्या खडकाळ पाण्याला चिखलाच्या मैलांपेक्षां अधिक मोल आहे. शिवाय डोलीचे खुंट आणि नांगराचे दोरहि पाण्यांत उभेच असतात, आणि मादी त्यांत व झाडोऱ्यांत भेद करीत नाहीं. पांढऱ्या किंवा काळ्या मण्यांनीं लगडलेला दोर वर आला, तर तो झटकून स्वच्छ करण्याऐवजीं त्याच जागीं पुनः पाण्यांत सोडतां येतो. त्या मण्यांना तेथें आणखी पंधरा दिवस पुरेसे होतात.